दगडफुलाच्या रंगाचा कोट

रोनसे बेट, स्कॉटलंड
७ जुलै १९२४

आप्पा,

समुद्र ओलांडला की मुलीचं नेमकं काय विटाळतं? अंग, जीभ, पोटात गेलेलं अन्न, की मागे राहिलेल्या माणसांचं नाव? मुंबईच्या धक्क्यावरून बोट सुटल्यापासून मी हे स्वतःला विचारते आहे. आपल्या घरातली पहिली बी.ए. मी. एडिंबरोला येऊन मुलांना कसं शिकवावं ते शिकते आहे. पण या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही. तुम्हाला येत असेल तर कळवा.

तुम्ही कळवणार नाही. सरकारी शिष्यवृत्तीवर मी निघाले त्या दिवसापासून तुम्ही माझं नाव घेतलेलं नाही, हे सोयराआत्याने धाकट्या वनजाकडून मुद्दाम लिहवून घेतलं. पण त्याच पत्राच्या कडेला वनजाने आपल्या पदरचं बारीक अक्षरात लिहिलं आहे, ‘अक्काचं पत्र आलं की आप्पांना शिवणाच्या मशीनला तेल घालायची आठवण होते. मी मोठ्याने वाचते, आणि पत्र संपेपर्यंत तेल घालून होत नाही.’ म्हणून लिहिते. वनजा, सावकाश वाच.

इथे का आले ते सांगते. परत आल्यावर मला सरगूरसारख्या गावात मुलींची शाळा चालवायची आहे, जिथे एकच बाई सगळे वर्ग सांभाळते. तसली शाळा एडिंबरोत बघायला मिळत नाही. मग चौकशा करून सुट्टीत या बेटावर आले, लहानशा बोटीत मेंढ्यांच्या शेजारी बसून. नकाशावर रोनसे म्हणजे मोहरीचा दाणा. माणसं म्हैसूरच्या आपल्या अग्रहार मोहल्ल्यातल्या एका गल्लीत मावतील एवढीच; मेंढ्या मात्र सगळ्या अग्रहारात मावणार नाहीत. झाड एकही नाही. वारा असा की दार दोन्ही हातांनी धरून उघडावं लागतं. शाळेत सात मुलं. ती घरात गेलिक बोलतात, आणि शाळेत इंग्रजी बोलता आलं नाही की गप्प बसतात. त्यांच्याकडे बघून मला आपल्या गल्लीतली पोरं दिसली. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड, आणि मास्तरांपुढे मुकी.

किर्स्टी नावाच्या विधवा बाईकडे माझी राहायची सोय आहे. वयाने तुमच्याएवढी, हाडाने तुमच्या दुप्पट. ती माझ्याकडून काही घेत नाही; मी तिच्या मेंढ्यांची लोकर विंचरून देते.

काल रविवार होता. नेहमीप्रमाणे उठून आंघोळ केली, आईची हिरवी इरकली धुतली आणि घरामागच्या दोरीवर वाळत घातली. इथल्या वाऱ्यावर ती अशी फडकली की डोंगरापलीकडच्या घरांनासुद्धा दिसली असणार. थोड्या वेळाने चर्चच्या पंचांपैकी एक दाढीवाले म्हातारे काठी टेकत आले. नाव डोनल्ड. म्हणाले, रविवारी या बेटावर कोणी धुणं वाळत घालत नाही, चूलसुद्धा आदल्या दिवशीच्या निखाऱ्यावर चालते, कपडा उतरव. मी नम्रपणे सांगितलं की आमच्यात धुतलेलं नेसल्याशिवाय देवापुढे उभं राहत नाहीत. ते म्हणाले, आमच्यात रविवारी धुणारीला देवापुढे उभं करत नाहीत.

मागून दारातून किर्स्टी म्हणाली, “वारा काही रविवार पाळत नाही, डोनल्ड. त्याला सांगून बघ.”

साडी मी उतरवली नाही. ओली होती, आणि ओलं कापड घडी घालून ठेवू नये हे तुम्हीच शिकवलं आहे. पण रात्री पडल्या पडल्या हसू येत राहिलं. ज्या कामाने तिथे मी शुद्ध होते, त्याच कामाने इथे बाटले. आता सांगा, आप्पा. की अजून तेल घालताय?

वेदवती

---

रोनसे बेट
२८ जुलै १९२४

आप्पा,

वनजाचं पत्र पोचलं. बंगळूरच्या जगन्नाथराव नावाच्या मुलाचं स्थळ आलं, मुलगा बरा आहे, तिला आवडला आहे, हे वाचून आनंद झाला. त्याखाली तिने आणखी एक ओळ लिहून खोडली आहे. खोडलेलं उजेडात धरलं की वाचता येतं, हे तिला अजून कळत नाही. पंच म्हणतात, थोरल्या मुलीने परत येऊन प्रायश्चित्त घेतल्याशिवाय हे लग्न आपल्या समाजात लागणार नाही. त्याबद्दल आज काही लिहीत नाही.

किर्स्टीबद्दल लिहिते. मला वाटलं होतं, ती देवाला मानत नाही, म्हणून रविवारी चर्चमध्ये जात नाही. तसं नाही. काही वर्षांपूर्वी एका रविवारी शेजारची बाई अडली होती. सुईण पलीकडच्या बेटावर. रविवारी होडी लोटणं पाप, म्हणून पुरुष किनाऱ्यावर प्रार्थना करत उभे राहिले. किर्स्टीने त्या बाईला होडीत घातलं आणि स्वतः वल्ही मारत नेलं. दोन्ही जीव वाचले. पुढच्या रविवारी पंचांनी सांगितलं, उभी राहा आणि सगळ्यांसमोर ‘माझं चुकलं’ एवढं म्हण, मग विषय संपला. ती म्हणाली, बाई जगली, मूल जगलं, मग चुकलं काय तेवढं दाखवा. तेव्हापासून तिला आत जागा नाही.

पण ती जाते, आप्पा. दर रविवारी काळे कपडे घालून चर्चच्या बुटक्या भिंतीपाशी बाहेर उभी राहते, पाऊस असला तरी. आत एक म्हातारा स्तोत्राची ओळ सांगतो, बाकीचे मागून गातात. त्याचा सूर आता घसरतो. तो घसरला की भिंतीबाहेरून किर्स्टीचा आवाज चढतो आणि आतले सगळे त्या आवाजाला धरून पुढे जातात. तिला आत ये असं कोणी म्हणत नाही, आणि गाऊ नको असंही नाही. मी तिला विचारलं, एवढं एक वाक्य म्हणून टाकलं असतंस तर? ती म्हणाली, “मग पुढच्या वेळी बाई अडली की कोणी होडी लोटली नसती. म्हणाले असते, किर्स्टीनेसुद्धा कबूल केलं होतं.”

पुढचा भाग आत्याला वाचून दाखवू नकोस, वनजा.

शुक्रवारी संध्याकाळी किर्स्टीच्या घरी बायका जमल्या. तिने मागावर विणलेलं लोकरीचं कापड तयार होतं. रंग तांबूस तपकिरी. तो कशाने येतो माहीत आहे? दगडफुलाने. आपण मसाल्यात घालतो ना, तसलंच. इथल्या बायका ते खडकावरून खरवडून लोकरीबरोबर शिजवतात. असं कापड दाट आणि पक्कं व्हावं म्हणून ते भिजवून, लांब फळीभोवती बसून सगळ्याजणी तालात आपटतात आणि एकीकडून दुसरीकडे सरकवत नेतात. मी शिंप्याची मुलगी. कापडाचं काम म्हटल्यावर हात आवरेनात. पदर खोचून बसले आणि फळीखालच्या टोपात दोन्ही हात कोपरापर्यंत घातले. मला वाटलं, आपल्याकडे रिठ्याचं पाणी असतं तसं काही असेल. मग वास आला. बायका माझ्याकडे बघून डोळ्यांना पाणी येईपर्यंत हसल्या. ते बेटावरच्या घराघरातून जमवून आंबवलेलं मूत्र होतं. माणसांचं.

मी हात बाहेर काढले नाहीत. सगळ्यांचे हात त्यातच होते. आणि आपले पंच मला शुद्ध करायला जे पाजणार आहेत, त्यात तरी काय आहे? गाईचं, एवढाच फरक. नंतर कापड ओढ्यावर स्वच्छ धुतलं, आणि त्याला आता फक्त वाऱ्याचा वास येतो, हे लिहून ठेवते. नाही तर तुम्ही ते हातात धरणार नाही.

कापड आपटताना त्या गातात, आणि त्यांच्यात असा नेम आहे की एका बैठकीत एक गाणं दोनदा म्हणायचं नाही. कापड दाट व्हायच्या आत गाणी संपली. किर्स्टी म्हणाली, पाहुणे, आता तू. आई गोधडी शिवताना गायची ती चाल मला आठवली. शब्द आठवेनात, म्हणून बसल्या जागी माझेच घातले:

कात्री चाले सरसर, सुई धावे तिच्या संगं
माझ्या आप्पांच्या दुकानी, चिंधीला बी येतं अंग

त्यांना शब्द कळले नाहीत. पण दुसऱ्या फेरीला चाल त्यांच्या हातात आली होती.

कापडातून किर्स्टीने एका कोटापुरता तुकडा मला दिला आहे. म्हणाली, तुझ्या वडिलांना दे, सांग की लोकर माझी आणि हात तुझे. एकच सूचना दिली. दगडफुलाने रंगवलेलं अंगावर घेऊन समुद्रावर जाऊ नये. खडकावरून आलेलं खडकाकडे ओढतं, माणूस बुडतो. समुद्राचे विटाळ त्यांनाही आहेत.

वेदवती

---

जयलक्ष्मीपुरम, म्हैसूर
१२ नोव्हेंबर १९२४

आप्पा,

एकाच गावात बसून तुम्हाला पत्र लिहावं लागतं, याचं शांताक्कांना फार हसू येतं. मुलींच्या वसतिगृहावर देखरेख ठेवणाऱ्या बाई त्या. त्यांच्या घरात मला एक खोली मिळाली आहे. पण तुमच्यासमोर मला जे म्हणायचं होतं ते काल मशीनच्या आवाजात निम्मं राहिलं.

काल मी आपल्या जगलीवर, दाराबाहेरच्या ओट्यावर, बसले. आत्याने दारातून वाकून माझ्या ओंजळीत वरून पाणी ओतलं, तांब्या लागू दिला नाही, आणि ओतता ओतता डोळे पुसत होती. वनजा आतून बघत होती. तुम्ही मान वर केली नाहीत. मी कापडाची गुंडाळी ओट्यावर ठेवली. तुमची बोटं तिच्यावरून एकदा फिरली, कारण कापड समोर आलं की ती तुमचं ऐकत नाहीत, आणि मग तुम्ही हात मागे घेतलात. बोटीवर थंडी फार होती. किर्स्टीने नको सांगितलं होतं तरी मी ते कापड अंगावर ओढून घेऊनच आले. बुडाले नाही.

मग तुम्ही बोललात. वर्षानंतर पहिल्यांदा.

“सुम्मने, उगाच वाद नको, एक पळी पंचगव्य घे गं. डोळे मीट, पी, आत ये. हळद लागायची आहे पोरीला.”

मी म्हटलं, पळीचं काही नाही. आणि ते वाक्य? पंचांसमोर हात जोडून ‘समुद्र ओलांडला हा अपराध झाला’ म्हणायचं ते?

“वाक्य काय, बोलायचं आणि सोडायचं. दिवसातून दहा गिऱ्हाइकांना मी ‘उद्या देतो’ म्हणतो. देतो का?”

मी हसले, आणि तुम्हीही हसलात, खाली मान घालून. पण आप्पा, तुमचं ‘उद्या देतो’ खोटं आहे हे गिऱ्हाइकाला माहीत असतं, म्हणून ते चालतं. माझं वाक्य लोक खरं धरतील. काल तुमच्याकडून निघाले, तर कोपऱ्यावर दत्तोजीरावांची नात अंबू माझी वाट बघत उभी होती. आपल्या पंचांचे मुख्य, त्यांचीच नात. यंदा बी.ए. होईल. तिला डॉक्टर व्हायचं आहे, आणि तिने मला आधी काय विचारलं? बोटीवर उलट्या किती दिवस होतात? अशा मुलीला उद्या तिचे आजोबा सांगतील, नरहरी शिंप्याच्या वेदवतीने सगळ्यांसमोर कबूल केलं की ते पाप होतं. तेव्हा मी कुठल्या तोंडाने म्हणणार की मी नुसतं बोलून सोडलं होतं?

पाणी मी वरून घेईन. आयुष्यभर घेईन. ते वाक्य म्हणणार नाही.

आणि वनजाचं लग्न मोडू देणार नाही. दोन्ही कसं जमणार, ते रविवारी मी पंचांपुढे येईन तेव्हा कळेल. तुम्ही माझ्या बाजूने काही बोलू नका. तुम्हाला त्याच देवळात भजनाला बसायचं आहे.

वेदवती

---

सरगूर
१५ डिसेंबर १९२४

आप्पा,

सगळं तुमच्यासमोर झालं. पण देवळात आणि मांडवात, दोन्ही वेळा तुम्ही खाली बघत होतात, म्हणून माझ्या बाजूने कसं दिसलं ते लिहिते. इथे कंदिलाचा उजेड बरा आहे.

विठ्ठलाच्या देवळाच्या ओसरीवर पंच बसले होते. चांदीची पळी आणि वाटी मांडून ठेवली होती. दत्तोजीराव माझ्याशी चांगले वागले, हे मी कोणालाही सांगेन. म्हणाले, ये बाळ, लौकर उरकू. मी पायरीखालीच उभी राहिले. सांगितलं की मी चुकलेली नाही, म्हणून प्रायश्चित्त घेणार नाही. पण न घेणं माझं आहे, आप्पांचं किंवा वनजाचं नाही; त्याचं ओझं त्यांच्यावर टाकू नका. मला पंगतीबाहेर करा आणि लग्न लागू द्या. मी स्वतःच मागते आहे, म्हणजे तुम्हाला ते करायला जड जाणार नाही.

मग दत्तोजीराव म्हणाले, “बाहेर म्हणजे मेल्यावरसुद्धा बाहेर. खांद्याला चार माणसं मिळणार नाहीत. समजतंय का?”

मी म्हटलं, “तेव्हा तक्रार करायला मी येणार नाही, काका.”

मागे कोणीतरी फस्सकन हसलं. मला वाटतं तुम्हीच. दत्तोजीरावांनी पळी वाटीत पालथी घातली आणि बंगळूरकरांना लग्नाचा होकार कळवला. देवळाबाहेर आले आणि समोरच्या नळाच्या कट्ट्यावर बसून राहिले. एवढं धीट बोलल्यावर आधी बसावं लागतं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

लग्नाच्या दिवशी मी मांडवात आले नाही. शब्द दिला होता. पण रस्ता पंचांचा नाही, म्हैसूर सरकारचा आहे. मांडवासमोर फुलं विकणारी बसते, तिच्या टोपल्यांशेजारी मी उभी राहिले, आईची हिरवी इरकली नेसून. हळदीची गाणी सुरू झाली. आत्याचा आवाज आता कापतो; तिसऱ्या गाण्याला तिला पुढची ओळ सापडेना आणि बायका थांबल्या. मी रस्त्यावरून ती ओळ उचलली. मोठ्याने. चर्चच्या भिंतीपाशी उभी असलेली किर्स्टी माझ्या डोळ्यांपुढे होती. मला वाटलं आता कोणीतरी येऊन मला हाकलणार. मग आत्यानेच माझ्या मागून पुढची ओळ घेतली, आणि तिच्यामागून सगळ्याजणी. वनजाने मान फिरवून बघितलं. हळदीने माखलेल्या तोंडावर तिचे दात तेवढे दिसत होते.

आणि मग तुम्ही बाहेर आलात, व्याह्यांना आत न्यायला.

आप्पा, मी ते कापड ओट्यावर ठेवून गेले तेव्हा तुम्ही ते कोणाला तरी देऊन टाकाल असं मी धरून चालले होते. तुमच्या अंगावर दगडफुलाच्या रंगाचा कोट होता. गळाबंद, खांद्याला सुरकुती नाही, काजं हातांनी केलेली. एवढ्या उन्हात बिलायती लोकर. कपाळावरून घाम निथळत होता आणि वरचं बटणसुद्धा तुम्ही सोडलं नव्हतं. माझी पत्रं वनजाने तुम्हाला शब्दन् शब्द वाचून दाखवली आहेत. ते कापड कशात भिजलं होतं हे त्या मांडवात तुम्हाला माहीत होतं, वनजाला माहीत होतं, आणि रस्त्यावर मला. दत्तोजीरावांनी मांडवाच्या तोंडाशीच तुमची बाही दोन बोटांत धरून बघितली.

“नरहरी, कापड भारी आहे. काय पोत आहे. कुठलं रे?”

तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत. म्हणालात, “बिलायतेचं. चांगलं भिजवून पक्कं केलेलं.”

आणि त्याच बाहीने तुम्ही व्याह्यांना मिठी मारलीत, पंचांना आत नेलंत, वनजाचा हात जगन्नाथरावांच्या हातात दिलात. फुलवाली मला विचारत होती, अक्का, रडता का हसता?

माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला अजून येत नाही. ते तुम्ही दिलंत असंही मी म्हणणार नाही. तुम्ही एक कोट शिवलात, एवढंच म्हणते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बैलगाडीने सरगूरला निघाले. शाळा म्हणजे एक लांब खोली आणि फुटकी कौलं. नऊ मुली आल्या. कोणी कन्नड, कोणी उर्दू, दोघी जंगलातल्या हाड्यांवरून, म्हणजे पाड्यांवरून, आलेल्या, ज्यांची भाषा मला येत नाही. पहिल्या दिवशी मी सांगितलं की इथे कोणी गप्प बसायचं नाही, ज्या भाषेत येईल त्या भाषेत बोला, मी शिकून घेईन. त्या एवढ्या बोलल्या की शेजारच्या घरची म्हातारी भांडण झालं की काय ते बघायला आली. माझ्या घराच्या दारावर पाटी नाही, आणि आत यायला पळी लागत नाही. रविवारी सुट्टी असते. कोट घालून यायची गरज नाही, इथे उकडतं.

एक गोष्ट राहिली. माझी मुदत संपली, पण शिष्यवृत्ती दरवर्षी निघते. तिला आधी जाऊन आलेल्या विद्यार्थिनीची शिफारस लागते, आणि म्हैसुरातून आधी जाऊन आलेल्या आम्ही बोटावर मोजण्याएवढ्या आहोत. अंबूने अर्जावर आपली सही स्वतः केली. शिफारस मी लिहिली. दत्तोजीरावांना मागाहून कळू नये म्हणून त्यांनाही वेगळं पत्र लिहून सगळं सांगितलं आहे. त्यात कोटाबद्दल एक अक्षर नाही, ते तुमच्याकडे. अर्ज सोमवारच्या टपालाने गेला.

तुमची
वेदवती